यंत्राची विचारपूस



घरीं पाहुणा आला म्हणजे पाण्याचा तांब्या पुढें करतां करतां आपण त्याची विचारपूस करतों. केव्हां निघालांत, प्रकृति कशी आहे, घरीं कोण कोण असतें, काम कसें काय चाललें आहे, हे प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेले आहेत आणि त्यांचीं उत्तरेंही बहुतेक ठरलेलींच असतात. 'ठीक आहे' म्हणणारा मनुष्य खरोखर ठीक आहे कीं नाहीं, हें ओळखावयाला मात्र थोडें अधिक शहाणपण लागतें. आज मी जिची हकीकत सांगणार आहें ती विचारपूस माणसाची नसून संगणकाची आहे.

लिनक्स हें नांव आपणांपैकीं पुष्कळांनीं ऐकलें असेल. ती संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजे यंत्राचा घरकारभार पाहणारी मूळ व्यवस्था. तुमच्या खिशांतील अँड्रॉइड फोनच्या बुडाशीं लिनक्सचाच गाभा आहे. जगांतील सर्वांत वेगवान पांचशें संगणकांची जी यादी वर्षांतून दोनदां निघते, तींत नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर न चालणारें एकही यंत्र आलेलें नाहीं. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचें 'परम सिद्धि' हें यंत्र नोव्हेंबर २०२० च्या यादींत ६३ व्या क्रमांकावर आलें, तेंही लिनक्सवरच चालणारें. या प्रणालीपुढें एक साधी काळी खिडकी उघडतां येते. तिला टर्मिनल म्हणतात. तींत 'अपटाइम' असा शब्द लिहिला तर यंत्र किती दिवस अखंड जागें आहे तें सांगतें. 'फ्री' लिहिलें तर स्मृतींत जागा किती उरली तें सांगतें. 'डीएफ' म्हटलें तर कोठाराचा हिशेब देतें. 'पीएस' म्हटलें तर चालू कामांची यादी वाचून दाखवितें. उत्तरें क्षणार्धांत येतात आणि आकड्यांत येतात, म्हणून तीं निर्विवाद वाटतात. तीं तशीं नाहींत. यंत्रानें स्वतःविषयीं काय मोजावें, काय सांगावें आणि कोणाला सांगावें, हें प्रत्येक वेळीं कोणा ना कोणा माणसानें ठरविलेलें आहे, आणि त्या ठरविण्याला इतिहास आहे.

ही विचारपूस सुरू झाली ती कागदावर. आज आपण ज्याला टर्मिनल म्हणतों तें त्या काळीं तारऑफिसांतील टेलिप्रिंटरच्या जातीचें एक खडखडणारें यंत्र होतें. अमेरिकेंतील टेलिटाइप कंपनीनें १९६३ सालीं आणलेलें 'मॉडेल ३३' हें त्यांतलें सर्वांत प्रसिद्ध. सेकंदाला १० अक्षरें, एका ओळींत ७२, आणि तींही इंग्रजीचीं केवळ मोठीं अक्षरें, एवढीच त्याची ऐपत. एक भरलेली ओळ कागदावर उमटावयाला सात सेकंद लागत. साठ ओळींचें पान भरावयाचें म्हणजे सात मिनिटांहून अधिक. अशा यंत्रावर बोलणारा मनुष्य मितभाषी न झाला तरच नवल. 'पीएस', 'डीएफ' हीं नांवें इतकीं तोकडीं कां, असें नवशिके नेहमीं विचारतात. बोटांना जड लागणाऱ्या त्या कळा आणि तो संथ कागद यांच्यापुढें एकदां बसलें असतें तर त्यांनीं विचारलें नसतें. टेलिटाइपचें नांव अजून गेलेलें नाहीं. आजही लिनक्सला 'मी कोणत्या टर्मिनलवर आहें?' असें विचारावयाचें तर 'टीटीवाय' असेंच लिहावें लागतें.

परंतु यंत्राची प्रकृति विचारण्याची गरज कां पडली? जोंवर एका वेळीं एकच मनुष्य यंत्र वापरीत होता, तोंवर ती पडली नाहीं. १९६१ सालीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींत फर्नांदो कॉर्बातो यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं एकच यंत्र अनेकांना एकाच वेळीं वापरतां येईल अशी सोय करून दाखविली. प्रत्येकाला आळीपाळीनें क्षणभर यंत्र द्यावयाचें. पाळी इतकी झटपट फिरते कीं यंत्र आपल्या एकट्याचेंच आहे असें ज्याला त्याला वाटावें. मुंबईच्या चाळींत ज्यांनीं दिवस काढले आहेत, त्यांना ही व्यवस्था निराळी समजावून सांगण्याचें कारण नाहीं. नळ एक, बिऱ्हाडें वीस, आणि प्रत्येकाचा हंडा रांगेंत. आपला हंडा भरावयाला वेळ लागूं लागला कीं मनुष्य पहिल्यानें काय करतो? दारांतून डोकावून नळावर कोण कोण आहे आणि किती हंडे मांडले आहेत, तें पाहतो. संगणकावरील पहिली विचारपूस याच डोकावण्यांतून जन्माला आली.

बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीनें पीडीपी-१० या यंत्रासाठीं 'टेनेक्स' नांवाची प्रणाली तयार केली, तींत तर डोकावण्याची एक स्वतंत्र कळ होती. कंट्रोल आणि टी या कळा एकत्र दाबल्या कीं आपलें काम सध्यां कोणत्या अवस्थेंत आहे, त्यानें किती वेळ खाल्ला आहे आणि एकंदर यंत्रावर भार किती आहे, हें एका ओळींत उमटे. मुक्या यंत्रापुढें तिष्ठत बसलेल्या माणसाला 'अजून जिवंत आहें बरें' एवढें सांगणारी ती ओळ किती दिलासा देत असेल, याची कल्पना सहज करतां येईल.

लिनक्सचें घराणें मात्र दुसऱ्या घरांतून येतें. बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्सन यांनीं १९६९ सालीं एका अडगळींत पडल्यासारख्या लहान यंत्रावर युनिक्स ही प्रणाली लिहावयास घेतली; डेनिस रिची त्यांना येऊन मिळाले. युनिक्सची पहिली छापील पुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ ची आहे, आणि तींत आपल्या ओळखीचे चेहरे भेटतात. 'हू', म्हणजे यंत्रावर आतां कोण कोण आहे. 'डेट', म्हणजे वेळ काय झाली. 'डीएफ', म्हणजे डिस्कवर मोकळी जागा किती. 'डीयू', म्हणजे ती जागा कोणीं किती खाल्ली. पन्नास वर्षें उलटून गेलीं तरी हेच शब्द आज तसेच चालतात. आपल्या घरांतले तवा, पोळपाट, खलबत्ता कांहीं इतके टिकले नाहींत. त्याच पुस्तिकेंत 'टीएम' नांवाची एक आज्ञा होती. आज ती कोणाच्या आठवणींतही नाहीं. ती यंत्राच्या वेळेचा जमाखर्च मांडी: कार्यप्रणालीच्या स्वतःच्या कारभारांत किती वेळ गेला, डिस्कची वाट पाहण्यांत किती, रिकामें बसण्यांत किती आणि लोकांच्या प्रत्यक्ष कामांत किती, शेवटीं डिस्कनें केलेल्या चुकांची संख्याही. डिस्कची वाट पाहण्यांत गेलेला वेळ ही बाब श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिच्यावरून मोठा घोळ झालेला आहे.

चालू कामांची यादी देणारी 'पीएस' ही आज्ञा थोडी मागाहून, १९७३ च्या सुमारास आली. तिची रीत मात्र मोठी चमत्कारिक होती. प्रणालीचा जो गाभा, ज्याला इंग्रजींत कर्नेल म्हणतात (लष्करांतील कर्नलाशीं त्याचा संबंध नाहीं, बदामाच्या कवचांतील गर, तो हा), त्याला 'कोण कोण काम करीत आहे?' असें सरळ विचारण्याची सोयच नव्हती. तेव्हां 'पीएस' हा कार्यक्रम गाभ्याच्या स्मृतींत शिरे, कोणती वही कोणत्या फळीवर असते हें त्याला आधींच पाठ असे, आणि ती वही उघडून तो स्वतःच वाचून येई. मागच्या दारानें स्वयंपाकघरांत शिरून डबे उघडून पाहण्याचाच हा प्रकार. त्यासाठीं त्याला विशेष अधिकार द्यावा लागे. आणि गाभ्यांतील फळ्यांची मांडणी कोणीं बदलली कीं 'पीएस'लाही पुन्हां नव्यानें घडवावें लागे. नाहीं तर तो डाळीच्या डब्यांत हात घालून मीठ सांगावयाचा.

पुढें युनिक्सच्या दोन शाखा झाल्या. एक मूळ मालक एटी अँड टी कंपनीची आणि दुसरी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील मंडळींची. दोन सख्ख्या भावांनीं चूल वेगळी केल्यावर भाजीच्या फोडणींतही फरक पडावा, तसा आज्ञांतही पडला. 'पीएस' दोहोंकडे होतीच. पण तिच्यापुढें लिहावयाचीं अक्षरें निराळीं झालीं. हा फरक क्षुल्लक वाटेल. एका हेराच्या मागावर मात्र तो उपयोगी पडला.

ती हकीकत १९८६ ची. लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेंत क्लिफर्ड स्टॉल नांवाचे एक खगोलशास्त्रज्ञ संगणकांची व्यवस्था पाहूं लागले होते. त्यांना आल्याबरोबर एक किरकोळ काम सोंपविण्यांत आलें: यंत्राच्या वापराच्या हिशेबांत ७५ सेंटांची तूट येत होती, ती कोठून येते तें पाहावयाचें. ७५ सेंट म्हणजे त्या काळच्या दरानें यंत्राचा सुमारें नऊ सेकंद वापर. दुसऱ्या कोणीं ती तूट खर्चीं टाकून दिली असती. स्टॉल यांनीं ती धरून ठेवली, आणि कोणी परका मनुष्य यंत्रांत शिरत आहे असें त्यांच्या लक्षांत आलें.

आतां त्याला पाहावयाचें कसें? यंत्रावरच पाळतीचा कार्यक्रम ठेवावा तर पंचाईत, कारण हा चोर फार सावध होता. आंत शिरल्याबरोबर तो 'हू' लिहून यंत्रावर कोण आहे तें पाही, 'पीएस' लिहून कोणतीं कामें चालू आहेत तें पाही, आणि व्यवस्थापकांपैकीं कोणी दिसला कीं निघून जाई. म्हणजे ज्या प्रश्नांनीं घरधन्यानें आपल्या घराची विचारपूस करावयाची, तेच प्रश्न चोर विचारीत होता, आणि यंत्र दोघांनाही सारख्याच सौजन्यानें उत्तर देत होतें! तेव्हां स्टॉल यांनीं एका शनिवार-रविवारीं सहकाऱ्यांच्या मेजांवरून प्रिंटर आणि टेलिप्रिंटर न विचारतां उचलून आणले आणि यंत्राकडे येणाऱ्या पन्नास तारांना बाहेरच्या बाहेर जोडून दिले. हे प्रिंटर यंत्राच्या आंत नव्हतेच. त्यामुळें 'पीएस'च्या यादींत ते दिसण्याचा प्रश्न नव्हता. चोर जें जें लिही तें तें शेजारीं कागदावर उमटत राहिलें.

त्या कागदावर एके ठिकाणीं 'पीएस'पुढें ई, ए, एफ, जी अशीं चार अक्षरें लिहिलेलीं सांपडलीं. प्रयोगशाळेंतील एका जाणकारानें तीं पाहिलीं आणि हा मनुष्य बर्कलेचा नव्हे, असें निदान केलें. कारण बर्कलेच्या युनिक्सवर त्यांतील एफ या अक्षराची जरुरीच नव्हती, तें एटी अँड टीच्या युनिक्सवर वाढलेल्या हाताचें वळण होतें. बोलण्यांतील एका हेलावरून मनुष्य कोंकणचा कीं वऱ्हाडचा हें ओळखावें, त्यांतलाच हा प्रकार. निदान खरें ठरलें. माग काढतां काढतां तो पश्चिम जर्मनींतील हॅनोव्हर शहरापर्यंत जाऊन पोंचला. अमेरिकेच्या लष्करी संगणकांतून मिळविलेली माहिती सोव्हिएट हेरखात्याला विकणाऱ्या टोळीपैकीं मार्कुस हेस हा तो मनुष्य होता. १९९० सालीं जर्मन न्यायालयानें त्याला हेरगिरीबद्दल दोषी ठरविलें.

जातां जातां सांगतों, लिनक्सवरील 'पीएस' ही आज्ञा दोन्ही घराण्यांचीं वळणें समजून घेते. भाऊ वेगळे झाले तरी नातवंडानें दोघांच्या घरचा स्वयंपाक शिकून घेतला, आणि स्टॉल यांना सांपडलेली खूण आतां पूर्वींइतकी भरंवशाची राहिलेली नाहीं.

मागच्या दाराची ती वहिवाट मोडण्याची युक्ति दरम्यान निघाली होती. बेल प्रयोगशाळेंतील टॉम किलियन यांनीं १९८४ सालीं एका निबंधांत अशी कल्पना मांडली कीं, चालू असलेलें प्रत्येक काम ही जणूं एक फाइल आहे असें समजावें, आणि अशा सर्व फाइलींची 'प्रॉक' नांवाची एक डिरेक्टरी करावी. मग आंत शिरून डबे उघडण्याचें कारण नाहीं. पत्र उघडून वाचावें तशी फाइल उघडून वाचावी. किलियन यांचा हेतु कार्यक्रमांतील दोष शोधण्यापुरता होता. त्या कल्पनेचा खरा संसार थाटला तो लिनक्सनें.

फिनलंडमधील हेल्सिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनीं २५ ऑगस्ट १९९१ रोजीं आपल्या नव्या प्रणालीची वार्ता जगाला दिली, आणि पुढच्याच वर्षीं लिनक्समध्यें 'प्रॉक' आलें. चालू कामांची माहिती तर तेथें आलीच; पण हळूहळू यंत्रासंबंधींची दुसरीही सगळी माहिती तेथेंच ठेवण्याची रीत पडली. स्मृतीचा हिशेब तेथें, प्रोसेसरची जन्मपत्रिका तेथें, यंत्र केव्हांपासून जागें आहे तें तेथें. घरांतल्या कोनाड्यासारखी त्याची गत झाली. ज्याला दुसरी जागा नाहीं तें येथें ठेवा. २००३ अखेर निघालेल्या आवृत्तीपासून उपकरणांची माहिती निराळ्या डिरेक्टरींत नीट लावून ठेवण्यांत येऊं लागली, तरी कोनाडा रिकामा झाला नाहीं.

या फाइलींची मौज अशी कीं, त्यांचा आकार विचारला तर बहुतेक वेळां शून्य येतो, आणि उघडून वाचूं लागावें तर ओळींमागून ओळी येतात. त्या डिस्कवर कोठेंही लिहिलेल्या नसतात. आपण वाचावयाला घेतलें कीं त्याच क्षणीं गाभा तें उत्तर लिहून देतो, आणि वाचून झालें कीं तें नाहींसें होतें. कागदावर लिहिलेलें नसतांना पाठ म्हणून दाखविणाऱ्या वैदिकासारखें तें आहे.

त्यांतली प्रोसेसरची फाइल तर कादंबरीसारखी वाचण्याजोगी आहे. इंटेलच्या पेंटियम या प्रोसेसरला भागाकार करतांना कांहीं विशिष्ट संख्यांपुढें चूक होते, हें १९९४ सालीं व्हर्जिनियांतील एका महाविद्यालयांतील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइस्ली यांनीं उघडकीस आणलें. कंपनीला तें प्रकरण ४७.५ कोटी डॉलरना पडलें. तेव्हांपासून लिनक्सच्या त्या फाइलींत 'भागाकाराचा दोष: आहे कीं नाहीं' अशा अर्थाची एक ओळ येऊं लागली. २०१८ च्या जानेवारींत प्रोसेसरच्या रचनेंतील मोठे दोष जाहीर झाले, तेव्हां तेही त्या फाइलींत नोंदले गेले. आपल्या अंगांतील खोडी विचारल्याबरोबर कबूल करणारा प्राणी मनुष्यवर्गांत विरळा. त्याच फाइलींत प्रोसेसरच्या वेगाचा म्हणून एक आकडा येतो, त्याला लिनक्सच्या कर्त्यांनीं नांवच 'बोगोमिप्स' ठेवलें आहे, म्हणजे खोटा वेग. यावरून तुलना करूं नका, असा त्याचा अर्थ. आपल्या आकड्याला आपणच खोटा म्हणणारी ही प्रामाणिकता इतर आकड्यांच्या वांट्याला आली असती तर फार बरें झालें असतें.

मला आतां ज्याविषयीं बोलावयाचें आहे, तो आकडा म्हणजे यंत्रावरील भाराची सरासरी. 'अपटाइम' लिहिलें कीं ओळीच्या शेवटीं तीन आकडे येतात: गेल्या एका मिनिटाची, पांच मिनिटांची आणि पंधरा मिनिटांची सरासरी. व्यवस्थापकाची नजर पहिल्यानें तेथें जाते. ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर हात जावा तशी. हे आकडे लिनक्सनें शोधलेले नव्हेत. मघांशीं सांगितलेल्या टेनेक्स प्रणालींत ते होते. जुलै १९७३ मधील टेनेक्स यंत्रांवरील भाराचे आलेख त्या वेळच्या संगणकजाळ्याच्या अधिकृत टिपणांत, ५४६ व्या क्रमांकाखालीं, प्रसिद्ध झालेले आहेत. व्याख्या साधी होती: प्रोसेसरची पाळी मिळालेलीं आणि पाळीची वाट पाहणारीं कामें किती, त्यांची सरासरी. म्हणजे नळाखालीं असलेला हंडा आणि रांगेंतले हंडे. बर्कलेच्या युनिक्सनें तोच आकडा लोकांच्या अंगवळणीं पाडला.

सरासरी म्हटली तरी ती शाळेंत शिकविलेली सरासरी नव्हे. लिनक्स दर पांच सेकंदांनीं रांग मोजतो, आणि जुन्या मोजणीला थोडें थोडें पुसट करीत नव्या मोजणीला तींत मिसळतो. म्हणून रिकाम्या यंत्रावर एकच काम अखंड सुरू केलें आणि बरोबर एक मिनिटानें पाहिलें, तर एका मिनिटाचा म्हणवणारा आकडा १ दाखवीत नाहीं, सुमारें ०.६ दाखवितो. एक मिनिट हें नांव आहे, माप नव्हे.

पण खरा घोळ झाला तो निराळाच. २९ ऑक्टोबर १९९३ रोजीं मॅथिआस उर्लिक्स या प्रोग्रामरनें लिनक्सच्या मंडळींना एक पत्र लिहिलें. त्याची तक्रार अशी: गाभा फक्त प्रोसेसरच्या रांगेंतलीं कामें मोजतो. जीं कामें डिस्ककडून कांहीं यावयाचें म्हणून अडून बसलीं आहेत, तीं मोजलींच जात नाहींत. मग होतें काय, तर वेगवान डिस्क काढून तिच्या जागीं मंद डिस्क बसविली कीं अधिक कामें डिस्कपाशीं अडकून पडतात, रांगेंतलीं कमी होतात, आणि यंत्र प्रत्यक्षांत कुंथत असतांना भाराचा आकडा उतरतो! हें विपरीत आहे. तरी अडून बसलेलीं कामेंही धरावीं. सोबत दुरुस्तीही जोडलेली होती. ती स्वीकारली गेली.

चाळीच्या भाषेंत सांगावयाचें तर असें. कांहीं बिऱ्हाडकरूंचे हंडे एका कुलूपबंद खोलींत आहेत आणि किल्लीवाला आलेला नाहीं. ते नळाच्या रांगेंत उभे नाहींत. खोलीच्या दारांत उभे आहेत. चाळींत पाण्याचा खोळंबा किती, हें सांगतांना त्यांना मोजावें कीं नाहीं? नळाचा भार विचाराल तर मोजूं नये. लोकांचा खोळंबा विचाराल तर मोजावें. उर्लिक्सनें लोकांची बाजू घेतली. माझ्या मतें त्याची तक्रार न्याय्य होती. फक्त आकड्याचें नांव तेंच राहिलें आणि अर्थ बदलला, ही गोष्ट पुढें फारशा कोणाच्या ध्यानांत राहिली नाहीं. दुसऱ्या युनिक्सांवर तो नळाचा आकडा राहिला. लिनक्सवर नळ आणि कुलूप यांची बेरीज झाली.

या बेरजेनें काय होतें तें मीं एका कार्यालयांत पाहिलें आहे. कार्यालयाचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. महिनाअखेरचे दिवस, पगाराचे तक्ते यंत्रावर चाललेले, आणि एके सकाळीं यंत्र गोगलगाईसारखें झालें. 'अपटाइम' विचारलें तर भार ४२. एवढा मोठा आकडा पाहिल्यावर प्रोसेसर दुबळा आहे यांत कोणाला शंका उरली नाहीं. नवें यंत्र घेण्याचा प्रस्ताव दुपारपर्यंत टाइप होऊन तयार झाला. मीही मान डोलावली, हें कबूल केलें पाहिजे. तिसऱ्या दिवशीं एका तरुण मदतनिसानें 'टॉप' ही आज्ञा उघडून आम्हांला दाखविलें कीं, प्रोसेसर जवळ जवळ रिकामाच बसलेला आहे. फाइली सांभाळणारें एक दुसरें यंत्र खालच्या मजल्यावर होतें. तें उत्तर देईनासें झालें होतें आणि चाळीस कामें त्याच्या दारांत तिष्ठत होतीं. त्या खालच्या यंत्राची एक तार सैल झाली होती. दरम्यान साऱ्या कार्यालयाचा पगार तीन दिवस लांबला, आणि ज्यांचें घरभाडें पहिल्या तारखेला द्यावयाचें होतें त्यांनीं आमच्याकडे कोणत्या नजरेनें पाहिलें तें मला अजून आठवतें.

१९९३ चा तो निर्णय कोणीं आणि कां घेतला, याचा माग कार्यक्षमतेचे अभ्यासक ब्रेंडन ग्रेग यांनीं २०१७ सालीं काढला. जुना पत्रव्यवहार धुंडाळून त्यांनीं तें पत्र मिळविलें आणि चोवीस वर्षांनंतर उर्लिक्स यांनाच लिहून विचारलें. त्यांचें उत्तर असें आलें कीं, यंत्र किती कामांत गुंतलें आहे हें माणसाच्या दृष्टीनें सांगणारा आकडा असावा, एवढाच तेव्हां हेतु होता. गाभ्याच्या मूळ लिखाणांत मात्र हा आकडा काढणाऱ्या भागाच्या माथ्यावरच एक टीप आहे: आकडा वेडगळ आहे, पण लोकांना तो महत्त्वाचा वाटतो.

स्मृतीच्या हिशेबांतही असेंच झालें. 'फ्री' ही आज्ञा मोकळी जागा म्हणून जो आकडा दाखविते तो नेहमींच लहान असतो, आणि नवा मनुष्य तो पाहून घाबरतो. वास्तविक लिनक्स रिकामी स्मृति रिकामी ठेवीतच नाहीं; डिस्कवरून एकदां आणलेल्या गोष्टी पुन्हां लागतील म्हणून तींत ठेवून देतो, आणि कोणीं जागा मागितली कीं उचलून फेंकतो. पाहुण्यांसाठीं राखलेल्या खोलींत पापड वाळत घालावे तसें हें आहे. खोली मोकळी आहे कीं नाहीं? लोक आपापल्या अकलेप्रमाणें बेरजा वजाबाक्या करूं लागले आणि त्या चुकूं लागल्या. अखेर २०१४ च्या एका आवृत्तीपासून गाभाच स्वतः अंदाज करून 'मिळूं शकेल अशी जागा' हा निराळा आकडा देऊं लागला.

कोणाला सांगावें, हा प्रश्न तेवढा राहिला. जुन्या युनिक्सवर कोणीही कोणाचीही कामें पाहूं शकत असे. एका विद्यालयाच्या किंवा प्रयोगशाळेच्या अंगणांत त्यांत कोणाला वावगें वाटलें नाहीं. पण आज्ञेबरोबर कोणीं आपला गुप्त शब्द लिहिला तर तोही शेजाऱ्याच्या यादींत उमटावयाचा. २०१२ पासून लिनक्समध्यें दुसऱ्याचीं कामें झांकून ठेवण्याची सोय झाली, आणि २०१६ पासून अँड्रॉइड फोनवर ती लावलेलीच असते. तुमच्या फोनमधील एखाद्या खेळाला तुम्ही बँकेचें काम केव्हां उघडतां तें त्या वाटेनें कळूं नये, यासाठीं ही खबरदारी आहे. त्याच्या उलट दिशेनें, १९९० नंतरच्या दशकांत यंत्रांत शिरणाऱ्या चोरांनीं 'पीएस' ही आज्ञाच काढून तिच्या जागीं आपली बनावट 'पीएस' ठेवण्याची युक्ति शोधली होती. ती सगळ्यांचीं नांवें सांगे, फक्त चोराचें गाळी. १९८६ मध्यें प्रिंटर तारेवर बाहेरच्या बाहेर जोडणाऱ्या स्टॉल यांना यांत कांहीं नवल वाटलें नसतें.

अलीकडे या विचारपुशीला हौसेचें रूप आलें आहे. २०१५ सालीं डायलन अ‍ॅराप्स यांनीं 'निओफेच' नांवाचा एक कार्यक्रम लिहिला. तो प्रणालीचें नांव, गाभ्याची आवृत्ति, प्रोसेसर, स्मृति, यंत्र किती वेळ जागें आहे, हें सारें एका बाजूला मांडतो आणि दुसऱ्या बाजूला अक्षरांची रांगोळी करून प्रणालीचें बोधचिन्ह काढतो. तरुण मंडळी आपल्या टर्मिनलचें असें चित्र एकमेकांना दाखवितात. दिवाळींत दारापुढची रांगोळी दाखवावी तसें. त्यांत प्रणालीच्या नांवावरूनही वाद आहे. गाभा लिनक्सचा असला तरी भोंवतालचीं पुष्कळशीं साधनें रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीएनयू प्रकल्पाचीं असल्यामुळें, 'यूनेम' या आज्ञेला प्रणालीचें नांव विचारलें तर 'जीएनयू/लिनक्स' असें जोडनांव येतें. निओफेच लाखो यंत्रांवर गेला. एप्रिल २०२४ मध्यें त्याच्या कर्त्यानें आपले सारे प्रकल्प बंद करून ठेवले आणि आपण शेती करूं लागलों आहों, एवढीच टीप तेथें लिहिली.